एक मशीन, अनेक दाणे

१ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या चमच्यांवर, काट्यांवर बंदी आली. महाराष्ट्राने तर २०१८ मध्येच पाऊल उचलले होते. पॉलिस्टायरीनच्या चमच्यावर ज्यांचा संसार चालत होता त्यांचे मशीन शाबूत राहिले, काम मात्र गेले. तेव्हा वर्धा, देवळी वा हिंगणघाटच्या औद्योगिक वसाहतीत इंजेक्शन मशीन बसविण्याचा विचार करणाऱ्या आपल्या तरुणांनी एकाच दाण्यावर विसंबू नये, हे आम्हाला मान्य आहे. पण 'या मशीनवर कोणताही दाणा चालतो' हे विक्रेत्याचे वाक्य आम्हाला अर्धेच खरे वाटते.

पीपी, एचडी आणि पॉलिस्टायरीन ही मंडळी साधारण २०० ते २५० अंशांत एका स्क्रूवर नांदतात. नायलॉन २२० अंशांखाली वितळतच नाही. त्यानंतर पीपी घ्यायचा तर बॅरल गरम असतानाच एचडीने धुवून काढावे आणि मगच तापमान उतरवावे. नाहीतर उरलेले नायलॉन खड्यासारखे मालात येत राहते. या धुलाईत जाणारा दाणा, वीज आणि दोन-तीन तास कोणाच्या खिशातून जातात? आमचे बांधव भाव देताना हा खर्च धरत नाहीत, आणि महिनाअखेरीस काम भरपूर, हाती काही नाही, अशी गत होते.

डायचेही तसेच. एबीएस शेकडा अर्धा आकसतो, पीपी दीड किंवा त्याहून जास्त. एबीएससाठी कापलेल्या डायमध्ये पीपी ओतला तर १०० मिलिमीटरच्या नगात सुमारे एक मिलिमीटरचा फरक पडतो. झाकण बसायचे कसे? मशीनवर लिहिलेले ग्रॅमही पॉलिस्टायरीनचे असतात. पीपी हलका, तितका मावत नाही.

पीव्हीसीबाबत आम्ही स्पष्टच सांगतो: त्याला वेगळे मशीन घ्या, नाहीतर ते काम सोडा. वीज गेली आणि पीव्हीसी तापल्या बॅरलमध्ये अडकला की तो जळतो, आम्लाचा वायू सुटतो आणि साधा स्क्रू खाऊन टाकतो. ॲसिटल आणि पीव्हीसी तर एकाच बॅरलमध्ये कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. तेथे कामगाराच्या जिवाचा प्रश्न आहे.

पावसाळ्यात नायलॉन आणि एबीएस हवेतील ओल ओढतात. एबीएस ८० अंशांवर दोन ते चार तास वाळवावा लागतो, तेवढा धीर नसला की नगावर चांदीसारख्या रेघा उमटतात, नायलॉन ठिसूळ निघतो. असा माल चांगल्या मालाच्या पोत्यात खाली दडपून पाठविणारेही आहेत. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, आणि ती वर का ठेवली नाही, असे विक्रेत्याला विचारले. दाणा गव्हाचा असो की नायलॉनचा, प्रश्न तोच आहे. भंगाराचा दाणा मिसळून नव्या दाण्याचा भाव लावणाऱ्यांनाही तो लागू आहे.

कर्ज काढण्याआधी चंद्रपूरच्या सीपेट केंद्रात एक चक्कर मारावी. सोबत कोणता नग, कोणता दाणा, महिन्याला किती, एवढे कागदावर लिहून न्यावे. मशीनचा आकार त्यावरून ठरवावा, विक्रेत्याच्या पत्रकावरून नव्हे.