आळशी औषधाची करामत

बालमित्रांनो, तोंडात पिठीसाखर टाकली तर काय होतं? क्षणात गायब! आणि खडीसाखरेचा मोठा खडा? तो घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत पुरतो. आज अशाच एका औषधी खड्याची गोष्ट.

माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीची दर तिसऱ्या आठवड्याला एक दिवस दांडी ठरलेली. मी रागावले, तर मान खाली घालून म्हणाली, "बाई, साताऱ्याला सुई घ्यायला जाते." माझं मलाच वाईट वाटलं. आधी तिचा घसा दुखून ताप आला होता. दोन-तीन आठवड्यांनी गुडघे सुजले. घरचे म्हणाले, वाढीचं दुखणं असेल. शेवटी मिरजेला नेलं, तेव्हा कळलं की हृदयाच्या झडपेला इजा झालीय.

घशात कधीकधी स्ट्रेप्टोकॉकस नावाचे जंतू शिरतात. त्यांच्याशी लढणारी आपली शक्ती काही मुलांमध्ये चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर हल्ला करते. यालाच ऱ्हुमॅटिक फीवर म्हणतात. पुन्हा जंतू आले की पुन्हा हल्ला! म्हणून वर्षानुवर्षं पेनिसिलिन द्यावं लागतं.

पण साधं पेनिसिलिन पाण्यात चटकन विरघळतं आणि काही तासांत लघवीवाटे निघून जातं. 1941 साली ऑक्सफर्डच्या डॉक्टरांकडे औषध इतकं थोडं होतं, की रुग्णाच्या लघवीतून ते परत मिळवून पुन्हा टोचलं! मग पुढं रसायनशास्त्रज्ञांनी पेनिसिलिनला बेंझाथीन जोडलं. तयार झालेले स्फटिक पाण्यात जवळजवळ विरघळेनातच. इतर औषधांत हा दोष, इथं मात्र तोच गुण! कुल्ल्याच्या जाड स्नायूत टोचलं, की औषध तिथंच ठाण मांडतं आणि तीन-चार आठवडे थोडंथोडं रक्तात सोडत राहतं.

याची किंमतही आहे हं. विरघळत नाही म्हणून ते दुधासारखं पांढरं, दाट असतं. बारीक सुईत अडकतं, म्हणून सुई जाड. दुखतं, खरंच दुखतं.

आपल्या पिंपरीला 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पेनिसिलिन आपल्याच देशात मोठ्या प्रमाणावर बनू लागलं.

आता सांगा, पहिला खडा संपायच्या आत दुसरा का ठेवायचा? मध्ये रिकामा दिवस राहिला, तर जंतूंना दार उघडं! तेव्हापासून मी हजेरीपत्रकात तिच्या पुढच्या तारखेभोवती पेन्सिलनं गोल करायचे आणि आदल्या दिवशी आठवण द्यायचे.

पालकहो, मुलाचा घसा दुखून ताप आला किंवा त्यानंतर सांधे सुजले, तर घरगुती काढ्यावर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

करून पाहा : दोन पेल्यांत सारखंच पाणी घ्या. एकात चमचाभर पिठीसाखर, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचा खडीसाखरेचा एक खडा टाका. ढवळू नका. कोण आधी संपतं? वेळ वहीत लिहा!