कवि कीं प्रचारक ?

गाणें कानास गोड लागलें, पण मनास टोंचलें, कीं त्यास 'प्रचार' म्हणून बाजूस सारावयाचें, ही आमच्या सुशिक्षित वर्गाची जुनी आणि मोठी सोयीची रीत आहे. लोकशाहीर वामनदादा कर्डक यांच्या वांट्यास ती जन्मभर आली. २००४ सालीं ते गेल्यानंतरहि ती सुटलेली नाहीं. ते चळवळीचे प्रचारक होते, कवि नव्हते, असें म्हणणारी मंडळी आमच्या बैठकींत आजहि भेटते. या मंडळींशीं आम्हांस चार शब्द बोलावयाचे आहेत.

वामनदादांचा जन्म १९२२ सालीं सिन्नर तालुक्यांतील देशवंडी या गांवीं, अस्पृश्य मानलेल्या एका गरीब कुटुंबांत झाला. त्यांच्या बालपणींच, १९३० च्या मार्चमध्यें, नाशकास काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला; आणि १९३५ सालीं याच जिल्ह्यांत, येवल्यास, डॉ. आंबेडकरांनीं धर्मांतराची घोषणा केली. शाळेचें तोंड त्यांस पाहतां आलें नाहीं. पोटासाठीं ते मुंबईस गेले, गिरणींत राबले. तेथें कोणीं एकानें वाचावयास दिलेलें पत्र त्यांस वाचतां येईना, त्या शरमेपोटीं ते मोठेपणीं अक्षरें शिकले आणि दुकानांवरील पाट्या वाचून तीं पक्कीं केलीं, असें सांगतात. १९४३ पासून ते गाणीं रचूं लागले, आणि पुढें सारें आयुष्य गांवोगांव गात हिंडले. त्यांच्या गीतांची गणना हजारोंनीं होते.

आतां आक्षेप पाहूं. पहिला असा कीं, हें सारें एका मताच्या प्रसारार्थ लिहिलेलें आहे. असेल; पण मग याच नाशकांतील कवि गोविंदांनीं स्वातंत्र्याचीं गीतें कशासाठीं लिहिलीं ? कुसुमाग्रजांच्या 'विशाखें'तील क्रांतीची हांक कोणत्या मतापासून अलिप्त आहे ? त्यांस आम्ही कवि म्हणतों, आणि योग्यच म्हणतों. परक्या सत्तेविरुद्धचें गाणें काव्य, आणि आमच्याच ओसरीवरील अन्यायाविरुद्धचें गाणें मात्र प्रचार, हा न्याय कोणत्या काव्यशास्त्रांत सांगितला आहे ?

दुसरा आक्षेप, चाली उसन्या. कव्वालीच्या, सिनेमाच्या, लोकांच्या ओठीं असलेल्या चालींवर वामनदादा गाणें बांधीत, हें खरें. परंतु अमुक नाट्यपद अमुक चिजेवरून घेतलें, हें आमचे रसिक केवढ्या अभिमानानें सांगतात ! नाथांनीं भारुडें रचलीं तीं वासुदेव-जोशांच्या, गोंधळ्यांच्या सोंगांचा आधार घेऊनच. ज्यास लोकांशीं बोलावयाचें आहे, तो लोकांच्या चालीनेंच बोलणार.

तिसरा आक्षेप, सर्वच गाणीं सारख्या तोलाचीं नाहींत. हा आम्हांस मान्य आहे. एका रात्रीच्या सभेसाठीं रचलेलें गाणें पुष्कळदां त्या रात्रीबरोबरच संपतें. पण कवीची पारख त्याच्या उत्तम रचनेवरून करावी, हा नियम इतरांस लावतां, तर तो येथेंहि लावा.

गंमत अशी कीं, १९५९ च्या 'सांगत्ये ऐका' चित्रपटांतील वामनदादांचें गीत आमच्याच घराघरांत वर्षानुवर्षें गुणगुणलें गेलें. तें कोणाचें, हें कोणीं विचारलें नाहीं. नांव ठाऊक नसतां तें रसाळ वाटलें. नांव कळतांच आमची रसिकता सावध झाली!

आमचे तरुण आज अमेरिकेंतील कृष्णवर्णीय शेतमजुरांचें 'ब्लूज' हें गाणें भक्तिभावानें ऐकतात. १९४१ सालीं मिसिसिपींतील कापसाच्या मळ्यावर राबणाऱ्या मडी वॉटर्सचें गाणें ॲलन लोमॅक्स आणि जॉन वर्क यांनीं अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाकरितां यंत्रावर टिपून घेतलें. तो गायक पुढें जगभर गाजला. त्याची वेदना ती कला, आणि सिन्नरच्या मजुराची वेदना ती घोषणा, असें म्हणतांना आम्हांस लाज वाटावयास हवी. मिसिसिपीच्या मळ्याचा मालक आमच्या नात्यांतला नाहीं, देशवंडीची वेस मात्र आमच्याच पूर्वजांनीं आंखलेली आहे, एवढाच काय तो फरक.

'वाटचाल', 'मोहोळ' अशा संग्रहांतून वामनदादांचे शब्द छापले गेले, हें भाग्य. परंतु चाल, ध्रुवपदावर परत येण्याची ढब, शेवटच्या कडव्यांत 'वामन' हें नांव येतांच श्रोत्यांत उठणारी दाद, हीं छापतां येत नाहींत. त्यांच्या तोंडून जीं गाणीं ज्यांनीं उचललीं, ते गायक आतां थकत चालले आहेत. नाशकास आलेल्या पाहुण्यास आम्ही काळाराम दाखवितों, कुसुमाग्रजांचें घर दाखवितों. त्यानंतर त्यास देशवंडीस न्यावें, आणि जातांना सोबत ध्वनिमुद्रणाचें यंत्र घ्यावें. वामनदादा कवि होते कीं नव्हते, हा वाद त्या ओट्यावर बसून, गाणें पुरतें ऐकल्यावर करूं.