अहवाल छापलात, क्वेरी कुठे आहे?

मुस्लिम समाजाच्या मागासलेपणावर बोलायचे म्हटले की आजही पहिले नाव निघते सच्चर समितीचे. अहवाल नोव्हेंबर २००६ चा. त्यातली साक्षरतेची आकडेवारी २००१ च्या जनगणनेची. आज कॉलेजात असलेल्या मुलामुलींच्या जन्माआधीचे आकडे आपण त्यांच्याच परिस्थितीचा पुरावा म्हणून वापरतो आहोत. सच्चर समितीने जनगणना, राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण, बँकांची कर्जे, सरकारी नोकऱ्या अशा वेगवेगळ्या ठिकाणी पडलेल्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या आणि मग प्रश्न विचारले. सामाजिक-धार्मिक गटांची माहिती एकत्र ठेवणारी राष्ट्रीय डेटा बँक उभारा, अशी शिफारसही केली. आपण समितीचे आकडे पाठ केले, तिची पद्धत मात्र उचलली नाही.

पद्धत म्हणजे जोडणी. एका टेबलात कुटुंबे, दुसऱ्यात मुले, तिसऱ्यात शिष्यवृत्त्या. प्रत्येकाला प्रश्न विचारायचा, उत्तरे जोडायची आणि त्यातून अहवाल तयार करायचा. डेटाबेसला विचारलेल्या या लेखी प्रश्नाला क्वेरी म्हणतात. हे काम कोणत्या साधनाने करायचे, हा विषय आपल्या संस्थांच्या बैठकीत कधी निघत नाही. ‘ते कॉम्प्युटरवाला मुलगा बघेल’ म्हणून सोडून दिला जातो. माझे म्हणणे स्पष्ट आहे. साधनाची निवड हा कॉम्प्युटरवाल्याचा प्रश्न नाही, तो संघटनेच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे. ज्या अहवालामागची क्वेरी दाखवता येत नाही, तो अहवाल छापू नये.

मी काही संस्थांसाठी सर्वेक्षणांचे अहवाल करतो. बहुतेक ठिकाणी पद्धत एकच. चार वस्त्यांच्या चार एक्सेल फायली, रात्री जागून कॉपी-पेस्ट, आणि सकाळी पोस्टरवर ठळक टक्केवारी. ती टक्केवारी कशी आली, हे महिन्याभराने करणाऱ्यालाही सांगता येत नाही. अशा जोडणीत काय काय घडते ते पाहा.

कुटुंबांचे टेबल मुलांच्या टेबलाशी जोडले आणि उत्पन्नाची बेरीज केली, तर चार मुलांच्या घराचे दहा हजार रुपये चार ओळींत चार वेळा मोजले जातात. घर चाळीस हजारांचे होते. जितके मोठे आणि गरीब कुटुंब, तितके ते कागदावर श्रीमंत.

दुसरे उदाहरण शिष्यवृत्तीचे. २०२२-२३ पासून केंद्राची मॅट्रिकपूर्व अल्पसंख्याक शिष्यवृत्ती फक्त नववी-दहावीपुरती उरली. आता शाळेची पटसंख्या शिष्यवृत्तीच्या यादीशी ‘इनर जॉइन’ने जोडली, तर दोन्हीकडे सापडणारी मुलेच उरतात. पहिली ते आठवीची मुले अहवालातून गायब होतात. ज्यांचा हक्क गेला, नेमके तेच मोजणीतून जातात. ‘लेफ्ट जॉइन’ केला तर तीच मुले रिकाम्या रकान्यासह समोर उभी राहतात. एका शब्दाचा फरक आहे, पण अहवालाची बाजू त्या एका शब्दावर ठरते.

तिसरे नावांचे. शेख, शेक, शैख. महंमद, मोहम्मद, मो.; एक कागद मराठीत, दुसरा उर्दूत, तिसरा इंग्रजीत. नावावरून जोडणी करणारा अहवाल आपल्याच माणसांना गाळत जातो. आसाममध्ये ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम एनआरसी यादीबाहेर १९,०६,६५७ माणसे राहिली. त्यांत हिंदूही होते, मुसलमानही. कागदावरची नावे जुळत नाहीत म्हणजे काय, हे त्यांना विचारा. सरकारला आपण जो जाब विचारतो, तो आपल्या सर्वेक्षणालाही लागू आहे.

आणि चौथे. आपले बहुतेक फॉर्म ‘कुटुंबप्रमुख’ या रकान्यावर जोडलेले असतात. तलाक होऊन भावाच्या घरी राहणारी बहीण त्या घराच्या डोकेमोजणीत असते, पण स्वतंत्र ओळ म्हणून कुठेच नसते. मग समाजातले शहाणे सांगतात, ‘आमच्याकडे असे प्रकार फार नाहीत.’ तुमच्या टेबलात तिला जागाच नव्हती, तर ती दिसणार कुठून?

जोडणी नीट केली तर काय हाती येते, त्याचाही हिशेब देतो. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या मुसलमानांची साक्षरता ७८.१ टक्के होती आणि राज्याची ७६.९ टक्के. हा आकडा दाखवून ‘मग मागासलेपण कुठे आहे?’ असे विचारणारे भेटतात. आता त्याला दुसरे टेबल जोडा. त्या वेळी राज्याची सुमारे ४२ टक्के लोकसंख्या शहरी होती. मुसलमानांची सुमारे ७० टक्के. राज्याची साक्षरता शहरांत ८५.५ आणि खेड्यांत ७०.४ टक्के. मुसलमान राज्याच्याच दराने शिकलेले असते, तर त्यांचा आकडा ८१ च्या आसपास यायला हवा होता. तो ७८.१ आहे. वर दिसणारी आघाडी शहरी वस्तीमुळे होती, आत पिछाडी होती. हे दाखवायला कोणतीही समिती लागली नाही. दोन टेबले, एक गुणाकार आणि उघडा हिशेब पुरला.

मग साधन कोणते? एक्सेल नोंदी भरायला चांगले आहे, पण फाइल वाढली की त्याच्या मर्यादा अंगावर येतात. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेच्या १५,८४१ कोविड रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नाहीत, कारण जुन्या एक्सेल फॉरमॅटमधल्या ओळी संपल्या होत्या. पॉवर बीआयचे डॅशबोर्ड देखणे असतात, देणगीदार खूश होतात. पण हिशेब फाइलच्या पोटात राहतो आणि तो उघडून पाहायला कोणी जात नाही. मेटाबेसची मुक्त आवृत्ती आपल्याच मशीनवर चालते, क्वेरी दिसते, कोड न येणाऱ्यालाही प्रश्न विचारता येतो. मात्र एकाच प्रश्नात दोन वेगळे डेटाबेस ते जोडत नाही. आधी माहिती एका जागी आणावी लागते.

माझे मत एसक्यूलाइट किंवा डकडीबीच्या बाजूने आहे. दोन्ही फुकट, दोन्ही इंटरनेटशिवाय साध्या लॅपटॉपवर चालणारी, सगळा डेटाबेस एका फाइलीत. डकडीबी सीएसव्ही फायली थेट वाचते आणि इतर डेटाबेसशीही जोडणी करते. क्वेऱ्या साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवाव्यात, प्रत्येकीवर मराठीत दोन ओळींचा खुलासा लिहावा आणि आर किंवा पायथनमधून अहवाल काढावा. पुढच्या वर्षी नवी माहिती घातली की तोच अहवाल, त्याच नियमांनी, पुन्हा तयार होतो. करणारा मुलगा नोकरीला पुण्याला गेला तरी काम अडत नाही.

‘हे इंजिनिअर लोकांचे काम’ असे म्हणणाऱ्यांना विचारावेसे वाटते, आपल्या मोहल्ल्यातल्या किती मुली बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर करून घरी बसल्या आहेत? त्यांना स्टेजवर हार-तुरे द्यायला बोलावता, सर्वेक्षणाच्या टेबलावर का नाही?

दुसरा आक्षेप असा, की आपले उणे आकडे बाहेर आले तर विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल. कोलीत त्यांच्याकडे आधीच आहे, आणि ते खोट्या आकड्यांचे आहे. खोट्याला झाकलेल्या आकड्याने उत्तर देता येत नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने मुंबईत विधानभवनावर मोर्चा गेला, तेव्हा त्यात सात मुस्लिम स्त्रिया होत्या. सात हा आकडा लहान होता, पण खरा होता. म्हणून तो आजही ताठ मानेने सांगता येतो.

तिसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे. मुसलमानांची नाव-पत्त्यांची यादी ही साधी यादी नसते. २००२ मध्ये गुजरातेत हल्लेखोरांकडे मुस्लिम घरांच्या आणि मालमत्तांच्या कॉम्प्युटरवर छापलेल्या याद्या होत्या, असे ह्यूमन राइट्स वॉचच्या अहवालात नोंदवले आहे. म्हणून नावे असलेली फाइल कोणत्याही फुकट ऑनलाइन डॅशबोर्डवर चढवायची नाही. सर्वेक्षणात प्रत्येक घराला क्रमांक द्यायचा, नाव आणि क्रमांक जुळवणारे टेबल वेगळे आणि कुलपात ठेवायचे, आणि दहापेक्षा कमी माणसांचा कोणताही रकाना छापायचा नाही. क्वेरी जाहीर करायला नावे जाहीर करावी लागत नाहीत. विचारलेला प्रश्न उघडा, माणूस सुरक्षित, असे दोन्ही एकाच वेळी जमते. पण त्यासाठी साधन आपल्या ताब्यातले हवे.

तेव्हा दोस्तहो, पुढच्या वेळी कोणी संस्था, पक्ष, जमात किंवा आपलीच चळवळ तुमच्यासमोर समाजाचा अहवाल ठेवेल, तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी तीन गोष्टी मागा. कोणती टेबले जोडली? कोण गळले? आणि क्वेरी कुठे आहे? उत्तर मिळाले नाही तर अहवाल पुढे पाठवू नका. आणि मिळाले, तर ती क्वेरी स्वतः चालवून पाहा.