बालपणीचे सुख कोणाचे?

चार वयोवृद्ध गृहस्थ एकत्र जमले की आपल्या निर्धास्त बालपणाचे गोडवे गाऊ लागतात. विटीदांडू, सूरपारंब्या, विहिरीत मारलेल्या उड्या. आणि हल्लीची पोरे पाहावी तर शिकवणीतून सुटताच मोबाइलात डोके खुपसून बसतात! या तक्रारीत तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. शहरांतील मैदाने आटत चालली व उरलेल्यांवर मोटारी उभ्या राहतात, हे कोणासही दिसते. परंतु या गृहस्थांस आमचा एक नम्र प्रश्न आहे: आपण उड्या मारीत असता आपली बहीण कोठे होती? धाकटे भावंड कडेवर घेऊन ती चुलीपाशी होती. आणि आजीचे बालपण तर बोहल्यावरच आटोपले होते. १८९१ साली संमतिवय १० वरून १२ वर नेले, तेव्हा धर्म बुडाल्याचा पुण्यात केवढा आक्रोश झाला! मुलीच्या विवाहास १४ वर्षांची अट घालणारा सारडा कायदा १९२९ चा. आज ती अट १८ आहे. तथापि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे २२ जणींचे विवाह त्याआधीच उरकलेले आढळले.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेस क्रीडांगण आवश्यक ठरविले आहे. गतकाळाबद्दल हळहळणाऱ्यांनी आपल्या पेठेतील शाळेचे क्रीडांगण कोठे गेले हे नगरपालिकेस विचारावे. आणि ते जाग्यावर असल्यास सायंकाळी तेथे मुली किती खेळतात, तेही मोजावे.