विष एकाचे, काढा दुसऱ्याला

हळद-लसणाने मासा निरोगी राहतो, या म्हणण्यात भोंदूपणा नाही. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेत 2007-08 च्या सुमारास रोहूच्या पिलांना खाद्यातून लसूण, हळद, आंब्याच्या कोयीचा गर देऊन पाहण्यात आला. पुढे त्यांना एरोमोनास जंतूंचा संसर्ग घडविला, तेव्हा असे खाद्य खाल्लेली पिले अधिक संख्येने जगली. प्रतिजैविकांना जंतू दाद देईनासे झाले असताना ही वाट स्वागतार्हच आहे. मात्र रोगाला लागू पडलेली हीच पूरके आता प्रदूषणावरचा उतारा म्हणून पुढे केली जात आहेत, आणि तेथे सावध व्हावयास हवे.

बालाघाटाच्या माथ्यावरील मांजरसुंबा हे अवर्षणाच्या पट्ट्यातील गाव. तेथून बीडकडे घाट उतरला की पालीजवळ बिंदुसरेचा जलाशय लागतो. 2016 साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आल्यापासून मराठवाड्यात शेततळीही वाढली आणि त्यांत रोहू-कटल्याचे बीज सोडणारे शेतकरी निघाले. अशा पाण्यांचे दुखणे उन्हाळ्यात सुरू होते. पाणी आटते, तापते, त्यातला प्राणवायू घटतो. विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून अमोनिया वाढतो. दुबळ्या झालेल्या माशावर एरवी निमूट असणारे जंतू तुटून पडतात. येथवर हळद-लसूण काही आधार देऊ शकतील. पण पावसाळ्यात शेजारच्या कपाशीवरील फवारा ओघळीने तळ्यात उतरतो, त्याचे काय? सायपरमेथ्रिन माशाला अत्यल्प प्रमाणातही मारक असते. एंडोसल्फान तर सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली बंदी घालीपर्यंत सर्रास फवारले जात होते.

वनस्पतींतील काही द्रव्ये विषाने होणारी यकृताची हानी कमी करतात, असे प्रयोग सांगतात. तथापि मासा तगला म्हणून पाणी शुद्ध होत नाही. शिसे, कॅडमियम माशाच्या शरीरात साठतात आणि जगलेला मासा बाजारात जातो, तेथून गरिबाच्या ताटात. शिवाय या काढ्याचे पैसे कोणी मोजावयाचे? खाम नदी छत्रपती संभाजीनगरचे सांडपाणी नाथसागराकडे नेते. ते ज्यांनी सोडले त्यांच्या खिशाला तोशीस नाही, आणि जलाशयाचा ठेका कसाबसा भरणाऱ्या भोई समाजाच्या सहकारी संस्थेने मात्र पूरकाची बाटली विकत घ्यावी! जलप्रदूषणाचा कायदा 1974 सालचा आहे. तो विष सोडणाऱ्याला आवरण्यासाठी झाला.

'वनस्पतीजन्य' म्हणजे निर्धोक, हा समजही विक्रेत्यांच्या सोयीचा. मोहाची पेंड तळ्यातील नको असलेले मासे मारण्यासाठीच वापरतात. बीडकडे सहज मिळणाऱ्या सरकीच्या पेंडीतील गॉसिपॉल प्रमाणाबाहेर गेले की माशाला बाधते. तेव्हा मात्रा कोणी ठरवावयाची, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेत दिले गेलेले हळदीचे पेटंट भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने झगडून 1997 साली रद्द करविले. त्याच हळदीची पूड रंगीत बाटलीत भरून शेतकऱ्याला चढ्या भावाने विकली जाणार असेल, तर त्या लढ्याचा त्याला उपयोग काय झाला?

उदगीरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. मराठवाड्याच्या आटत्या पाण्यात कोणते मिश्रण किती लागू पडते याच्या चाचण्या त्याने येथल्याच तळ्यांवर घ्याव्यात, प्रमाणे मराठीत छापून फुकट वाटावीत आणि भाताचा कोंडा व शेंगदाणा पेंडीत ती मिसळण्याचे काम सहकारी संस्थांच्या हाती द्यावे. त्याआधी प्रत्येक जलाशयाच्या पाण्याची तपासणी व्हावी आणि तिचे निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत.