मावळातलं केशर आणि आमचा शहाणपणा

मागच्या रविवारी कामशेतला मामाकडे गेलो होतो. भाताची लावणी कशी झाली हे विचारायच्या आतच मामाने एक रंगीत पत्रक हातात ठेवलं. 'बंद खोलीत केशर पिकवा, लाखो कमवा!' लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर दोन दिवसांचं ट्रेनिंग, मग कंद, ट्रे, कूलिंग सगळं तेच देणार. आणि त्यासाठी मामा रस्त्याकडेचं भातखाचर विकायला निघालाय.

"आरं, पेपरात आलं व्हतं. पुण्यात इंजिनेर लोकांनी कंटेनरात केशर काढलं. तुझ्यासारखीच पोरं!"

म्हणजे पाप शेवटी आमच्याच माथी :-)

तर मंडळी, म्हणून हे लिहिणं भाग आहे. बंद खोलीत केशर फुलतं का? फुलतं, शंभर टक्के. पण त्यात शेती किती, ते बघा.

केशराला बी धरतच नाही. पीक फक्त कंदापासून. (कोणी 'केशराचं बी' विकायला आला तर ते बहुधा करडईचं, 'अमेरिकन केशर' या नावाने.) हा कंद म्हणजे चार्ज केलेली बॅटरी. काश्मीरच्या थंडीत पानं ऊन खाऊन तो भरतात. उन्हाळाभर तो झोपतो आणि ऑक्टोबरच्या सुमारास गारवा लागला की साठवलेल्या अन्नावर फुलतो, मातीशिवायसुद्धा. ट्रेनिंगवाले दाखवतात तो एवढाच भाग. बॅटरी चार्ज झाली पांपोरला, डिस्चार्ज केली आपण, आणि फोटो आपला!

खरं काम फुलं खुडल्यावर सुरू होतं. पुढचे ४-५ महिने पानांना थंडी आणि भरपूर उजेड मिळाला, तरच जुन्या कंदाच्या जागी नवे कंद पोसतात. ८-१० ग्रॅमपेक्षा लहान राहिले तर फुलाची खात्री नाही. म्हणजे पुढच्या वर्षी कंद पुन्हा विकत. कोणाकडून? बरोबर ओळखलंत.

आता हिशेब. १० ग्रॅमचा एक कंद धरला तर किलोत १०० कंद. एका कंदाला एक-दोन फुलं, एका फुलात तीन तांबड्या काड्या. साधारण १५० फुलांच्या काड्या वाळवल्या की एक ग्रॅम केशर. थोडक्यात, किलोभर कंद आणि ग्रॅमभर केशर! कंदाचा भाव त्यांनाच विचारा आणि भागाकार स्वतः करा. एसीचं बिल वेगळं. मावळात पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते, हेही त्यात धरा.

उघड्यावर लावायचं म्हणाल, तर लोणावळ्याला वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कंद उगवायच्या आधी कुजेल.

गंमत म्हणजे 'कुंकुम' हा संस्कृत शब्द मुळात केशराचा. आपल्याकडे ते नाव हळदीपासून केलेल्या कुंकवाला चिकटलं. आपल्या जमिनीत जे येतं त्यावर आधीच्या लोकांनी काम भागवलं. आम्ही मात्र एक्सेल शीट उघडून बसलो, आणि तीही सेल्सवाल्याने भरून दिलेली.

मावळाकडे काय कमी आहे? इंद्रायणी तांदूळ १९८७ साली वडगाव मावळच्याच संशोधन केंद्रातून आला. आंबेमोहोराचा वास आणि आयआर-८ चं उत्पन्न, असा तो संकर. मावळातल्या पॉलीहाऊसचे गुलाब व्हॅलेंटाईन डेला परदेशात जातात. तळेगावला फुलशेतीचं रीतसर प्रशिक्षण मिळतं. पण भात लावताना गुडघाभर चिखल असतो, आणि चिखलाचा फोटो पत्रकावर छान दिसत नाही.

हौस म्हणून दोन ट्रे लावा, माझी ना नाही. पण 'केशर काढलं' म्हणून पेपरात फोटो देणाऱ्या आयटीवाल्यांनो, तिसऱ्या वर्षी आपल्याच जुन्या कंदांवर किती फुलं आली, तेही छापून आणा की! तुमचा पगार महिन्याच्या महिन्याला जमा होतो. मामाचं खाचर एकदा गेलं की गेलं.

हे सगळं मामाला सांगितलं. "बघू," म्हणाला. टोकन द्यायची तारीख येत्या सोमवारी आहे. म्हणून या रविवारी पुन्हा कामशेत. यावेळी कॅल्क्युलेटर घेऊन.