आजीला मोबाईल शिकवा, पण खिडकी बंद करू देऊ नका

लालबाग, परळ, दादर, गिरगाव. आपल्याकडे आता 'ज्येष्ठांसाठी मोबाईल शिबिर' भरतं. चांगलंय. पण होतं काय? दोन तासांचा कार्यक्रम, त्यात पाऊण तास सत्कार. मग एखादा कार्यकर्ता काकांच्या हातातला फोन घेतो, टकाटक चार ठिकाणी बोट लावतो आणि म्हणतो, "झालं बघा काका!" काय झालं ते काकांना कळत नाही. पुढच्या महिन्यात काका पुन्हा कुणाचा तरी मुलगा शोधत फिरतात.

माझा राग त्या पोरांवर नाही. ती स्वतःचा वेळ देतात, एक पैसा घेत नाहीत. राग आहे तो "आता सगळं ॲपवर, शिकून घ्या" म्हणत काउंटर आवरणाऱ्यांवर.

शिकवलं कुणी हो? केंद्राने 2017 मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान काढलं. सहा कोटी कुटुंबांचं लक्ष्य, घरटी एक माणूस. पण योजना फक्त ग्रामीण भागासाठी होती आणि वयाची अट होती 14 ते 60. म्हणजे परळच्या चाळीतला सत्तरीचा माणूस दोन्हीकडून बाद! शिकवायच्या यादीत त्याचं नाव नव्हतं, ओटीपी मात्र त्याच्याकडेही मागायचा.

गिरणी कामगारांचंच बघा. 1982 च्या संपात जो पंचविशीत होता, तो आज सत्तरीच्या घरात आहे. सप्टेंबर 2023 मध्ये म्हाडाने घरांच्या पात्रतेसाठी कागदपत्रं मागवली, ती दीड लाखाच्या आसपास कामगार आणि वारसांकडून. लाल पास, हजेरीपत्र, पगाराची पावती... चाळीस वर्षं ट्रंकेत जपलेले कागद आता फोटो काढून ॲपवर चढवायचे. पण त्याच वेळी वांद्र्याला कागद प्रत्यक्ष घ्यायचीही सोय ठेवली होती. म्हणजे मनात आणलं तर खिडकी ठेवता येते ना?

बँकांना तर पळवाटच नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2017 मध्येच सांगितलंय की ज्येष्ठांसाठी वेगळा काउंटर ठेवा, सत्तरीच्या वरच्यांना घरपोच सेवा द्या आणि हयातीचा दाखला कुठल्याही शाखेत घ्या. तुमच्या शाखेत आहे का तो काउंटर? माझ्या ओळखीच्या एका आजींना त्यांच्या शाखेत सांगितलं, "नातवाला सांगा, तो करेल." नातू पुण्याला असतो.

30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. प्रकरण होतं ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांचं आणि दृष्टिहीनांचं. केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर पापणी लवव म्हणतात, पण ज्याला ती लववताच येत नाही त्याने काय करायचं? मोतीबिंदूवाल्या, हात थरथरणाऱ्या आपल्या माणसांना हा प्रश्न चांगलाच कळेल.

"मग शिकवूच नका म्हणता का?" असं कुणीतरी खाली लिहिणारच. उलट, जास्त शिकवा. फक्त फोन त्यांच्या हातातून घेऊ नका. वीस मिनिटं लागली तर लागू देत. एका बैठकीत एकच गोष्ट, वहीत त्यांच्याच अक्षरात. आणि पैसे पाठवायला शिकवण्याआधी पैसे वाचवायला शिकवा. पैसे *घ्यायला* यूपीआय पिन कधीच लागत नाही. 'डिजिटल अरेस्ट' नावाचा प्रकार कायद्यात नाहीच, पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाहीत. फसलात तर ताबडतोब 1930 लावा. मुलं ओरडतील म्हणून म्हातारी माणसं गप्प बसतात, आणि तेवढ्यात पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात. त्यांना आधी हे सांगा की लाज तुम्हाला नाही, चोराला वाटायला हवी.

आणि शिकवणाऱ्यांनो, एक काम आणखी करा. ज्या कार्यालयाने काकांना "ऑनलाईन करा" म्हणून परत पाठवलं, तिथे काकांबरोबर जा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नाहीतर आपण त्या कार्यालयाचे बिनपगारी कारकून होऊन बसू, आणि साहेब म्हणतील, "बघा, लोक करतायत की!"

गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत 1893 पासून गणपती बसतोय. त्या परंपरेतल्या आपल्या मंडळांकडे खुर्च्या आहेत, पोरं आहेत, बऱ्याच जणांकडे खोलीही आहे, आणि ती वर्षातले बरेच महिने बंद असते. दर रविवारी सकाळी दोन तास उघडायला काय हरकत आहे? बॅनर नको, सत्कार नको.

कुणाच्या मंडळाची खोली मिळेल? नाव आणि वेळ खाली लिहा. आणि तुमच्या बँकेत ज्येष्ठांचा काउंटर नसेल तर तेही लिहा, शाखेसकट.